थिअरेटिकल फिजिक्स आणि गणिती जीवशास्त्र, दोन्हीत संशोधन करता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फिजिक्समध्ये मास्टर्स झालंय, थिअरी आवडते, त्यातही स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स (स्टॅट मेक, म्हणजे असंख्य कणांच्या एकत्रित वागण्याचं गणित) जास्त, पण गेले काही महिने उत्क्रांती, पेशी आणि साथीचे रोग यांच्या गणितावरचे पेपर वाचून मन तिकडे ओढ घेतंय. पीएचडीला एकच निवडावं लागेल का, दोन्हीकडे पाय ठेवून करिअर होतं का, की शेवटी ना इकडचा ना तिकडचा अशी गत होते? आणि पहिला प्रॉब्लेम कुठला घ्यावा?

करिअर होतं. माझं तसंच झालंय, पीएचडी फेज ट्रान्झिशनवर (पाण्याचा बर्फ होतो तशा अवस्थाबदलांवर), मग बरीच वर्षं बॅक्टेरियाच्या कॉलनी आणि उत्क्रांतीचं गणित, आणि मधूनमधून परत असे पेपर ज्यात जीवशास्त्राचं नावही नाही. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय ते आधीच सांगून टाकतो. गणिती तंत्र तुम्हाला पलीकडे घेऊन जातं, पण तिथे टिकायचं तर एखाद्या ठरावीक जीवाशी, एखाद्या ठरावीक प्रयोगाशी दीर्घ ओळख लागते. ज्यांनी फक्त तंत्र नेलं त्यांचे पेपर छापून आले आणि तिथेच राहिले, ज्यांनी ओळख वाढवली त्यांनी जीवशास्त्र बदललं आणि बऱ्याचदा फिजिक्सला नवे प्रश्नही आणून दिले.

एक उदाहरण जरा सावकाश सांगतो कारण माझं बरंचसं काम याच समीकरणाच्या आसपास आहे. १९३७ साली रोनाल्ड फिशरनं विचारलं, की पसरलेल्या लोकसंख्येत एका ठिकाणी फायद्याचं म्युटेशन झालं तर ते पुढे किती वेगानं सरकेल. त्याच वर्षी मॉस्कोत कोल्मोगोरोव, पेत्रोव्स्की आणि पिस्कुनोव यांनी त्याच जातीचं समीकरण पूर्ण गणिती काटेकोरपणे हाताळलं. समीकरण साधंच आहे, एक डिफ्युजनची म्हणजे पसरण्याची टर्म आणि एक वाढीची, वाढ सुरुवातीला भराभर आणि जागा भरली की बंद. त्यातून एक लाट निघते, तिचा वेग काढायचा तर वाढीचा दर आणि डिफ्युजन यांचा गुणाकार करा, वर्गमूळ घ्या आणि दुप्पट करा. एवढ्यावर बरेच जण पुढे जातात, पण खरी मेख अशी की हा वेग लाटेच्या मागच्या भरलेल्या भागात ठरतच नाही, तो ठरतो अगदी पुढच्या टोकाला, जिथे जेमतेम कोणीतरी पोचलेलं असतं.

आता फिजिक्सवाल्याला इथे खटकायला हवं. समीकरणात टोकाला घनता हजारावा भाग, लाखावा भाग अशी कमी कमी होत जाते आणि तरीही ती वाढत राहते, पण प्रत्यक्षात अर्धा बॅक्टेरिया नसतो, एक असतो नाहीतर शून्य. १९९७ मध्ये ब्रुने आणि देरिदा यांनी एवढंच केलं, की एका व्यक्तीपेक्षा कमी घनता असेल तिथे वाढ बंद करायची. मग वेग कमी होतो, आणि तो किती कमी होतो ते लोकसंख्येच्या लॉगच्या वर्गाच्या व्यस्तात जातं. हे फार म्हणजे फार हळू कमी होणारं आहे. दहा लाख व्यक्ती असल्या तरी त्यांच्या सूत्राप्रमाणे वेगात साधारण अडीच टक्के फरक उरतो आणि एक हजार कोटी केल्या तरी जवळपास एक टक्का. आपल्याला सवय असते की संख्या मोठी झाली की नॉइज, म्हणजे योगायोगाचे चढउतार, विसरायचा, इथे तो विसरता येत नाही, कारण सगळा निर्णय जिथे माणसं कमी आहेत तिथे होतोय. हीच गोष्ट पुढे उत्क्रांतीच्या गणितात आली. फिटनेस, म्हणजे टिकून वाढण्याची क्षमता, ही एक अक्षरेषा धरली आणि लोकसंख्या तिच्यावर पुढे सरकतेय असं बघितलं तर उत्क्रांतीचा वेगसुद्धा सगळ्यात पुढे असलेल्या मूठभर म्युटंटवर ठरतो, २००७ मध्ये देसाई आणि डॅनियल फिशर यांनी अलैंगिक लोकसंख्येसाठी हे नीट मांडलं, आणि यातले डॅनियल फिशर हे मुळात कंडेन्स्ड मॅटरचे, म्हणजे घन-द्रव पदार्थांच्या फिजिक्समधले.

आणि २००३ मध्ये म्युनिए आणि पेशान्स्की यांनी दाखवलं की अतिउच्च ऊर्जेला प्रोटॉनमधल्या ग्लुऑनची (क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या कणांची) घनता कशी वाढते आणि कशी भरून थांबते, याचं क्यूसीडीमधलं (या कणांमधल्या बलाच्या थिअरीतलं) बालित्स्की-कोव्हचेगोव्ह समीकरण याच जातीत बसतं. जीन पसरण्याची लाट आणि ग्लुऑनची लाट एकाच वर्गातल्या. त्यानंतर तिकडच्या लोकांनी टोकाच्या नॉइजचा प्रश्नही उचलला. म्हणजे या समीकरणावर दहा वर्षं काम करणाऱ्याच्या पेपरांची यादी बघितली तर त्यात बॅक्टेरिया दिसतील, व्हायरसची उत्क्रांती दिसेल, पार्टिकल फिजिक्सही दिसेल, आणि वरवर बघणाऱ्याला वाटेल की या माणसाचं काही धड ठरत नाहीये. पण त्याचा प्रश्न पहिल्यापासून एकच आहे, पुढच्या टोकाला थोडेच असतील तर एकूण वेगाचं काय होतं. तुमची यादी अशी एका वाक्यात सांगता आली तर कोणी विस्कळीत म्हणत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना कायम सांगतो, विषय दोन असू देत, प्रश्न एक ठेवा.

आता ओळख म्हणजे काय ते सांगतो. २००७ मध्येच हालाचेक, नेल्सन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, यातले डेव्हिड नेल्सन हे मुळात स्टॅट मेकमधले. ई. कोलाय या बॅक्टेरियाचे दोन प्रकार घ्यायचे, एक हिरवं चमकणारं प्रोटीन बनवतो, दुसरा लाल, बाकी दोघं सारखेच, कोणालाही फायदा नाही. निम्मे निम्मे मिसळून एक थेंब आगरच्या (जेलीसारख्या थराच्या) प्लेटवर मधोमध टाकायचा आणि काही दिवस वाढू द्यायचं. मग मायक्रोस्कोपखाली बघा, थेंब जिथे पडला तो मधला भाग बारीक मिसळलेला दिसतो, दोन्ही रंग एकमेकांत, आणि तिथून बाहेर निघताना अचानक रंग वेगळे व्हायला लागतात, शुद्ध हिरवा पट्टा, शुद्ध लाल पट्टा, बाहेर जाईल तसे रुंद होणारे, काही पट्टे मधेच संपलेले. सिलेक्शन अजिबात नसताना हे होतं. कारण वाढ होते ती फक्त काठाच्या पातळ थरात, आतल्या पेशींना जागाही नाही आणि खायलाही नाही. कॉलनीत पेशी अब्जावधी असल्या तरी पुढच्या पिढीत कोण जाणार हे ठरवणाऱ्या काठावरच्या थोड्याच, आणि थोड्या म्हटल्यावर नशिबाचा खेळ आला. एकदा काठावरून लाल गेला की त्या दिशेला तो परत येऊ शकत नाही, दोन सीमारेषा भेटल्या की त्यांच्यामधला पट्टा संपला.

इथे स्टॅट मेकवाल्याचे कान टवकारतात, कारण दोन सीमारेषा भेटून नाहीशा होतात हे आपल्याला पाठ असलेलं मॉडेल. पण मोजल्यावर दिसलं की ई. कोलायमध्ये ही सीमारेषा साध्या रँडम वॉकसारखी, म्हणजे प्रत्येक पाऊल नशिबावर टाकल्यासारखी, भरकटत नाही. रँडम वॉकमध्ये भरकटणं अंतराच्या १/२ घाताने वाढतं, इथे ते साधारण २/३ घाताने वाढलं. आणि २/३ हा आकडा बघितला की १९८६ चं कार्दार-पारिसी-झांग समीकरण आठवतं, खडबडीत पृष्ठभाग कसे वाढतात त्याचं. कॉलनीचा काठ गुळगुळीत नाही, त्यात उंचसखल भाग आहेत, आणि काठ स्वतःला काटकोनात वाढत असल्यामुळे सीमारेषा त्या उतारांनी ढकलली जाते. म्हणजे जेनेटिक्सचा एक प्रश्न, किती अंतरात विविधता नष्ट होते, त्याचं उत्तर पृष्ठभागाच्या खडबडीतपणाच्या थिअरीत निघालं. असं काही समोर आलं की मला आजही फार आनंद होतो.

पण हे सगळं आगरच्या कडकपणावर अवलंबून आहे आणि हे मला कुठल्याही थिअरीच्या पेपरनं शिकवलं नाही, प्रयोग करणाऱ्या सहकाऱ्यांच्या शेजारी बसून कळलं. दीड टक्का आगर असेल तर बॅक्टेरिया पोहू शकत नाहीत, एकमेकांना ढकलत वाढतात. तेच ०.३ टक्क्याच्या आसपास केलं की ते जेलच्या आतल्या पोकळ्यांमधून पोहत जातात, खाणं संपवत संपवत पुढे सरकतात आणि पूर्ण वेगळं गणित लागतं. प्लेट ओतल्यावर किती वेळ वाळवली यानंही काठाचा आकार बदलतो. थिअरीच्या माणसाला हे फालतू डिटेल वाटतात, पण कुठली टर्म ठेवायची आणि कुठली टाकायची हे इथेच ठरतं. म्हणून सल्ला असा की लॅबमध्ये जाऊन आठवड्याच्या मीटिंगला बसा, निदान वर्षभर, काही बोलला नाहीत तरी चालेल, त्यांना कशाची चिंता आहे, कुठला कंट्रोल का घेतात, कुठल्या ग्राफवर त्यांचाच विश्वास नाही, हे ऐका. पेपरमध्ये छापलेला एरर बार आणि मीटिंगमध्ये त्याबद्दल होणारं बोलणं यात खूप फरक असतो.

इतिहासात याची दोन टोकं एकाच काळात सापडतात. निकोलस राशेव्स्की हे फिजिक्समधून आलेले, शिकागोत त्यांनी गणिती बायोफिजिक्सची अख्खी शाखा उभी केली, १९३९ मध्ये तिचं स्वतंत्र जर्नल काढलं. पेशीविभाजनाचं गणित त्यांनी आदर्श गोल पेशी धरून केलं, आणि जीवशास्त्रज्ञांनी तोंडावर विचारलं की खऱ्या पेशी कुठे अशा असतात. प्रयोगवाल्यांशी त्यांचा सांधा कधी नीट जुळलाच नाही. त्यांना मोडीत काढणं मात्र मला पटत नाही, मॅककलक आणि पिट्स यांचा १९४३ चा न्यूरॉनच्या गणितावरचा पेपर त्यांच्याच जर्नलमध्ये आला, आणि आजच्या न्यूरल नेटवर्कची वंशावळ तिथपर्यंत जाते. पण त्यांच्या पद्धतीनं जीवशास्त्र हललं नाही हेही खरं.

दुसरं टोक मॅक्स डेलब्रुक. ग्योटिंगेनचे क्वांटमवाले, बर्लिनमध्ये लिझ माइटनरकडे काम, आजही फिजिक्समध्ये डेलब्रुक स्कॅटरिंग शिकवतात. नील्स बोरचं १९३२ चं भाषण ऐकून त्यांना वाटलं की जीवशास्त्रात क्वांटमसारखा एखादा नवा मूलभूत विरोधाभास दडला असेल आणि तो शोधायला ते तिकडे वळले. तो विरोधाभास काही सापडला नाही. पण १९३७ मध्ये कॅलटेकला गेल्यावर त्यांनी माशीच्या जेनेटिक्सचा पसारा बघितला, तो आपल्या कामाचा नाही हे ओळखलं, आणि तिथेच एमरी एलिस बॅक्टेरिया खाणाऱ्या व्हायरसवर काम करत होते त्यांच्याबरोबर बसले. या व्हायरसला फेज म्हणतात, आणि हाच जीव त्यांनी निवडला कारण त्याची संख्या मोजता येते, एका फेजपासून किती होतात ते अर्ध्या-पाऊण तासात कळतं, आणि आकडे इतके येतात की संख्याशास्त्र करता येतं. १९३९ मध्ये एलिस आणि डेलब्रुक यांचा पेपर आला, १९४३ मध्ये साल्वाडोर लुरिया यांच्याबरोबरचा, आणि १९६९ मध्ये नोबेल. फिजिक्सच्या माणसाची खरी करामत समीकरणात नव्हती, कुठला जीव निवडायचा यात होती.

रॉबर्ट मे यांचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी सांगतो, कारण तिथे तंत्र सरळसोट उचलून नेलं आणि तरी काम झालं. सिडनीत सुपरकंडक्टिव्हिटीवर पीएचडी, थिअरेटिकल फिजिक्सचे प्रोफेसर, आणि १९७३ मध्ये प्रिन्स्टनला प्राणिशास्त्राचे प्रोफेसर. १९७२ चा त्यांचा पेपर दोन पानांचा. तोवर पर्यावरणशास्त्रात सर्वसाधारण समज होता की जितक्या जास्त प्रजाती आणि जितके जास्त परस्परसंबंध तितकी व्यवस्था स्थिर. मे यांनी म्हटलं, संबंधांचं मॅट्रिक्स, म्हणजे कोणाचा कोणावर किती परिणाम याचा तक्ता, रँडम धरू, विग्नरनं जड अणुकेंद्रकांच्या ऊर्जापातळ्यांसाठी रँडम मॅट्रिक्स वापरली होती तसं, आणि विचारू की स्थिरता कधी टिकते. उत्तर असं, की प्रजातींची संख्या गुणिले त्यांच्यातल्या किती टक्के जोड्या जोडलेल्या आहेत, याचं वर्गमूळ, गुणिले संबंधांची सरासरी ताकद, हे सगळं एकाहून कमी हवं. आकडे घालून बघा, १०० प्रजाती आणि १० टक्के जोड्या असतील तर ताकद ०.३२ च्या खाली ठेवावी लागते, ४०० प्रजाती केल्या की ०.१६ च्या खाली. म्हणजे गुंतागुंत वाढली की व्यवस्था ढासळण्याकडे जाते, समजाच्या बरोबर उलट.

इथे थांबले असते तर तो पेपर कुतूहल म्हणून राहिला असता. जंगलं आणि समुद्र तर स्थिर दिसतात, मग खरे संबंध रँडम नसणार, कसे नसतात? हा प्रश्न पर्यावरणशास्त्रज्ञांना मिळाला आणि त्याच्यावर ते अजून काम करतायत. २०१२ मध्ये अलेसिना आणि टँग यांनी दाखवलं की शिकारी-भक्ष्य असे जोडीनं उलट चिन्हाचे संबंध घातले तर स्थिरतेची मर्यादा बरीच सैल होते, आणि परस्परफायदा किंवा स्पर्धा घातली तर आणखी आवळते. मे यांचं मॉडेल निसर्गाचं चित्र म्हणून चूकच होतं आणि तेच त्याचं काम होतं, ज्याच्याशी तुलना करायची ती पाटी त्यांनी स्वच्छ करून दिली. शिवाय मे स्वतः तिथे न थांबता पुढे रॉय अँडरसन यांच्याबरोबर संसर्गजन्य रोगांच्या गणितात उतरले आणि ते काम खऱ्या आकड्यांच्या जवळ राहून केलं.

आता एक सावधगिरीची गोष्ट, ही मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. अ‍ॅलन ट्युरिंगनं १९५२ मध्ये दाखवलं की दोन रसायनं एकमेकांशी क्रिया करत वेगवेगळ्या वेगानं पसरली तर एकसारख्या अवस्थेतून आपोआप ठिपके आणि पट्टे तयार होऊ शकतात. फार सुंदर गणित. माशीच्या गर्भात इव्हन-स्किप्ड नावाच्या जीनचे सात पट्टे दिसले तेव्हा साहजिक वाटलं की हे ट्युरिंगचं काम. पण जेनेटिक्सवाल्यांनी खोदून काढलं तेव्हा कळलं की पट्टे एकत्र, लाटेसारखे बनतच नाहीत, जवळजवळ एकेक पट्टा वेगळ्या डीएनए तुकड्यानं चालवला जातो. दुसरा पट्टा घ्या, बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रोटीन त्याला चालू करतात, जायंट पुढच्या बाजूनं आणि क्रुपेल मागच्या बाजूनं दाबतात, मधे जी अरुंद जागा उरते तिथे पट्टा. गणिताच्या नजरेनं हे अजिबात देखणं नाही. उत्क्रांतीनं जे हाताला लागलं त्यातून जुळवलंय. म्हणून ट्युरिंग टाकाऊ झाला का, तर नाही, १९९५ मध्ये कोंडो आणि असाई यांनी एका सागरी माशाच्या अंगावरचे पट्टे मासा वाढताना सरकतात आणि नवे पट्टे घुसतात ते अगदी त्या गणिताप्रमाणे असं दाखवलं, आणि २०१४ मध्ये उंदराच्या बोटांच्या आखणीत तशी व्यवस्था असल्याचं काम आलं. पॅटर्न सारखा दिसतो म्हणून कारण सारखं असं समजू नका. तुमचं मॉडेल पट्टे काढतं एवढ्यावर जीवशास्त्रज्ञ हलणार नाही आणि हलूही नये. एखादी गोष्ट बदलली तर काय होईल ते आधी सांगा, मग प्रयोगात बघा.

जॉन हॉपफिल्ड यांच्याकडून मी एक वेगळी गोष्ट घेतली, ती म्हणजे एखादा आकडा बघून अस्वस्थ होणं. ते सॉलिड स्टेटवाले, म्हणजे घनपदार्थांच्या फिजिक्समधले. प्रोटीन बनताना चुकीचं अमिनो आम्ल लागण्याचं प्रमाण साधारण दहा हजारात एक, पण बरोबर आणि चुकीच्या जोडीत जो ऊर्जेचा फरक आहे त्यातून समतोलात जेमतेम शंभरात एक इतकीच अचूकता निघते. मग उरलेली शंभर पट कुठून येते? १९७४ मध्ये त्यांनी सांगितलं की पेशी ऊर्जा खर्च करून तीच तपासणी दोनदा करते, मधे परत न फिरता येणारी एक पायरी टाकून, आणि शंभर गुणिले शंभर दहा हजार. निनियो यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे हेच मांडलं. समतोलात अशक्य असलेली गोष्ट ऊर्जा जाळून मिळवता येते, ही कल्पना आज रोगप्रतिकारक पेशींपासून स्टोकॅस्टिक थर्मोडायनॅमिक्सपर्यंत सगळीकडे आहे. १९८२ चं त्यांचं मेमरीचं मॉडेल, न्यूरॉनच्या जाळ्यात आठवणी कशा साठतात त्याचं, तुम्हाला माहीत असेलच, २०२४ च्या फिजिक्सच्या नोबेलमधला त्यांचा वाटा त्यावरच.

आता व्यवहाराचं, हे पटापट. दोन्हीकडचे रिवाज वेगळे आहेत आणि ते माहीत नसले की नुकसान होतं. थिअरेटिकल हाय एनर्जीत आणि गणितात लेखकांची नावं बहुतेक वेळा वर्णानुक्रमे असतात, जीवशास्त्रात पहिलं नाव ज्यानं मुख्य काम केलं त्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं, मधली नावं निवड समितीत फारशी कोणी बघत नाही. एकत्र काम सुरू करतानाच हे स्पष्ट बोलून घ्या, पेपर लिहून झाल्यावर नाही. फिजिक्सचे रेफरी, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारे, विचारतात यात नवीन फिजिक्स काय, जीवशास्त्राचे विचारतात यात प्रयोग कुठाय, त्यामुळे तोच निकाल दोन्हीकडे लिहायचा तर पहिलं पानच वेगळं लिहावं लागतं. फिजिक्सच्या पेपरमध्ये समीकरण तिसऱ्या परिच्छेदात आलं तरी चालतं, जीवशास्त्राच्या पेपरमध्ये ते बऱ्याचदा पुरवणीत जातं आणि मुख्य मजकुरात तुम्हाला शब्दांत आणि ग्राफमध्ये सांगावं लागतं, आणि ते सांगता आलं नाही तर समजा की आपल्यालाच अजून पूर्ण समजलं नाहीये. प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीचा मसुदा) दोन्हीकडे टाकतात, आर्काइव्हवर क्वांटिटेटिव्ह बायोलॉजीचा विभाग २००३ पासून आहे आणि बायोआर्काइव्ह २०१३ पासून.

पीएचडी कुठल्या विभागात करायची, तर माझं मत फिजिक्स किंवा गणितात करा आणि निदान एक सहमार्गदर्शक प्रयोग करणारा घ्या. उलटही होतं, पण स्टोकॅस्टिक प्रोसेस, मास्टर इक्वेशन, फॉकर-प्लांक, नॉनलिनियर डायनॅमिक्स, बायफर्केशन हे सगळं, म्हणजे योगायोगानं आणि वेळेबरोबर बदलणाऱ्या गोष्टींचं गणित, नंतर एकट्यानं पक्कं करणं फार जड जातं, आणि मॉलिक्युलर बायोलॉजी वाचून, ऐकून, लोकांना विचारून हळूहळू येत जाते. संख्याशास्त्रीय इन्फरन्सकडे (आकड्यांवरून निष्कर्ष काढण्याकडे) मात्र फिजिक्सवाले दुर्लक्ष करतात, ते करू नका, दहा पॅरामीटरचं मॉडेल सहा बिंदूंमधून नेऊन दाखवलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, ही बाजू बदलायची सगळ्यात चांगली वेळ, कारण तेव्हा तुम्हाला तंत्र आलेलं असतं आणि टीम चालवायची जबाबदारी नसते. आणि नोकरीचा अर्ज करताना शिफारसपत्रं दोन्हीकडची हवीत. फक्त फिजिक्सवाल्यांनी लिहिलं की हे जीवशास्त्रात फार चांगलं काम करतात, तर समितीला ते ऐकीव वाटतं, एका तरी जीवशास्त्रज्ञानं लिहायला हवं की या व्यक्तीमुळे आम्ही आमचा प्रयोग बदलला.

ना इकडचा ना तिकडचा, ही भीती खोटी नाही. काही वर्षं अशी जातात की फिजिक्सच्या कॉन्फरन्समध्ये तुमचं भाषण शेवटच्या दिवशी आणि जीवशास्त्राच्या कॉन्फरन्समध्ये तुमचं पोस्टर कोपऱ्यात. त्याला माझ्याकडे एकच उपाय आहे, घर एका बाजूला ठेवा. एका समुदायात तुमचं नाव एका गोष्टीसाठी पक्कं असू दे, तिथल्या सेमिनारला जा, तिथले पेपर रेफरी करा, आणि तिथून दुसरीकडे जा-ये करा. दोन्हीकडे सारखंच पाहुणं राहिलात तर नोकरीच्या वेळी तुमच्यासाठी बोलणारं कोणी नसतं.

पहिल्या प्रॉब्लेमबद्दल विचारलंय, तर लुरिया आणि डेलब्रुक यांच्या त्या १९४३ च्या प्रयोगापासून सुरू करा, त्यात दोन्ही विषय आहेत. प्रश्न असा होता की फेजला दाद न देणारे बॅक्टेरिया फेज टाकल्यावर तयार होतात की आधीपासूनच योगायोगानं झालेले असतात. बऱ्याच छोट्या नळ्यांमध्ये थोड्या थोड्या पेशींपासून बॅक्टेरिया वाढवायचे, प्रत्येक नळी फेज लावलेल्या वेगळ्या प्लेटवर ओतायची आणि वाचलेल्या कॉलनी मोजायच्या. फेजमुळे बदल होत असेल तर प्रत्येक पेशीला सारखीच छोटी शक्यता, म्हणजे पॉयसाँ डिस्ट्रिब्युशन, व्हेरियन्स (आकडे किती विखुरले त्याचं माप) सरासरीइतका. आधीच होत असेल तर एखाद्या नळीत म्युटेशन फार लवकर झालेलं असणार, त्याची पिल्लावळ दुप्पट दुप्पट होत गेलेली असणार आणि त्या एका प्लेटवर शेकडो कॉलनी उगवणार, बाकीच्यांवर शून्य, एक, तीन. व्हेरियन्स सरासरीच्या कितीतरी पट. प्रयोगात तसंच आलं. आणि ज्या प्लेटवर एकही कॉलनी नाही त्यांचं प्रमाण घेऊन त्याचा नॅचरल लॉग काढून चिन्ह उलटं केलं की प्रत्येक नळीत सरासरी किती म्युटेशन झाली ते मिळतं, तिथून म्युटेशनचा दर.

हे आधी स्वतः कोडमध्ये करा, पन्नास ओळींत होतं. हिस्टोग्राम काढा आणि लांब शेपूट बघा. मग दोन बदल घाला, म्युटंट जरा सावकाश वाढतात, आणि नळीतला सगळा माल प्लेटवर न टाकता दहावा भागच टाकलाय, कारण लॅबमध्ये बऱ्याचदा तसंच करतात, आणि बघा की शून्यवाल्या प्लेट मोजून काढलेला दर कितीनं चुकतो. मग हे दोन बदल बाजूला ठेवून मोठ्या लोकसंख्येची मर्यादा हातानं काढायचा प्रयत्न करा. बरोबर काढलीत तर लँडाऊचं डिस्ट्रिब्युशन समोर येईल, पातळ पत्र्यातून जाणारा वेगवान कण किती ऊर्जा गमावतो त्यासाठी त्यांनी १९४४ मध्ये काढलेलं. एखाद्या धडकेत कण एकदम खूप ऊर्जा गमावतो आणि एखाद्या नळीत म्युटेशन एकदम लवकर होतं, दोन्हीची शेपूट सारखीच. एवढं करून झालं की जवळच्या कुठल्याही मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये जाऊन विचारा की तुम्ही म्युटेशन रेट कसा काढता आणि प्लेटिंगची दुरुस्ती करता का. बोलणं तिथून आपोआप सुरू होतं.